ड्रॉइंग तुमचं, कुलूप दुसऱ्याचं

प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात कुठल्याही इंजिनीअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजच्या लॅबमध्ये जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘सर, फाइल ओपन होत नाहीये!’ घरच्या लॅपटॉपवर नवं व्हर्जन, लॅबमध्ये जुनं. ग्रुपमधल्या एकाने पार्ट सॉलिडवर्क्समध्ये काढलाय, दुसऱ्याकडे फ्यूजन आहे, तिसऱ्याकडे नुसतं ऑटोकॅड. कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन या पीसीवरून त्या पीसीवर फिरतंय. शेवटी काय होतं? स्क्रीनशॉट काढायचा, रिपोर्टमध्ये चिकटवायचा आणि सबमिशन उरकायचं. चार महिने खपून केलेल्या डिझाइनचं एक चित्र होऊन जातं.

याला आपण ‘टेक्निकल प्रॉब्लेम’ म्हणतो आणि विसरून जातो. माझं म्हणणं असं, की जे डिझाइन दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडत नाही, ते अजून पूर्णच झालेलं नाही. आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात शिकणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्ट पुण्या-चाकणच्या मुलांपेक्षाही आधी शिकायला हवी.

नवापूरला गाडी का बदलावी लागत नाही?

आपल्या जिल्ह्यातलं नवापूर रेल्वे स्टेशन सगळ्यांना माहीत आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. फलाटावरच्या बाकाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द. एका टोकाला बसलेला महाराष्ट्रात, दुसऱ्या टोकाचा गुजरातमध्ये. घोषणा चार भाषांत होतात. एवढं सगळं असूनही सुरतहून आलेली गाडी हद्दीवर थांबवून डबे बदलावे लागत नाहीत. कारण साधं आहे. रुळांमधलं अंतर दोन्हीकडे तेच आहे, १६७६ मिलीमीटर. हे अंतर आधी ठरलेलं आहे, म्हणून राज्य बदललं तरी गाडी सरळ पुढे जाते.

कॅडच्या दुनियेत प्रत्येक कंपनीने आपापला गेज टाकलाय. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी वेगळी, सॉलिडवर्क्सची पार्ट फाइल वेगळी, कॅटियाची वेगळी, क्रिओची वेगळी. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांचंही जमेल असं नाही. ऑटोकॅड २०१८ मध्ये नेहमीसारखी सेव्ह केलेली फाइल ऑटोकॅड २०१० उघडत नाही. जुन्या फॉरमॅटमध्ये ‘सेव्ह ॲज’ करावं लागतं. सॉलिडवर्क्समध्ये तर तेवढीही सोय बरीच वर्षं नव्हती. २०२४ च्या आवृत्तीपासून मागच्या दोन आवृत्त्यांसाठी सेव्ह करता येऊ लागलं.

कागदाच्या काळात ही भानगड नव्हती असं समजू नका. फर्स्ट अँगल की थर्ड अँगल, हा घोळ त्याचाच भाऊ. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ नुसार फर्स्ट अँगल, अमेरिकेत थर्ड अँगल. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात शंकूच्या तुकड्याचं ते छोटं चिन्ह काढायला पहिल्या वर्षी सर का सांगतात? समोरच्याने उजवी बाजू डावी समजू नये म्हणून. म्हणजे ‘वाचणाऱ्याचा विचार करा’ हा धडा आपल्याला पहिल्याच सेमिस्टरला मिळालेला असतो. कॉम्प्युटरसमोर बसलो की तो विसरतो, इतकंच.

भरीत पोचलं, कृती नाही

मग अडतं कुठे? थ्रीडी कॅड फाइलमध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे वस्तूचा अंतिम आकार. दुसरी, तो आकार कसा घडला त्याची कृती: हे स्केच काढलं, इतकं एक्स्ट्रूड केलं, इथे भोक पाडलं, तिथे फिलेट दिला. आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतो. कृती मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतःच्या भाषेत लिहितं आणि ती सहसा मागेच राहते. डब्यात वांग्याचं भरीत पोचतं, ते कसं केलं याचा कागद पोचत नाही. म्हणूनच मित्राची फाइल तुमच्याकडे उघडते, पण डाव्या बाजूच्या ट्रीमध्ये ‘इम्पोर्टेड’ एवढाच शब्द दिसतो. भोकाचा व्यास बदलायला जाल तर बदलायला फीचरच नसतं.

यावर उपाय शोधायला जगाने चाळीसेक वर्षं घातली आहेत. १९८० मध्ये अमेरिकेत आयजीईएस हा पहिला मोठा मधला फॉरमॅट आला. १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर डीएक्सएफ आला. तो कसा लिहायचा हे ऑटोडेस्कने जाहीर केल्यामुळे आजही लेझर कटिंगवाल्यापासून सीएनसीवाल्यापर्यंत सगळे टूडीसाठी तोच मागतात. १९८७ च्या सुमारास थ्रीडी सिस्टिम्सने एसटीएल आणला, जो थ्रीडी प्रिंटिंगसाठी आपण वापरतो. आणि १९९४ मध्ये आयएसओ १०३०३, म्हणजे ‘स्टेप’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं. आज थ्रीडी डिझाइन एकमेकांना देण्यासाठी सगळ्यात भरवशाचा फॉरमॅट तोच.

प्रत्येकाची मर्यादा मात्र ओळखून असा. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात. खरं वर्तुळ नाही, युनिटसुद्धा नाही. स्टेपमध्ये खरा गोल सिलिंडर जातो, असेम्ब्लीची रचना जाते, नव्या एपी २४२ प्रकारात टॉलरन्सची माहितीही जाऊ शकते. कृती मात्र त्यातही सहसा जात नाही.

ही हरवलेली कृती परत शोधून काढायचं काम आपल्या महाराष्ट्रातही झालंय, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. सॉलिडवर्क्समधलं फीचरवर्क्स तुम्ही वापरलं असेल. इम्पोर्ट केलेल्या मुक्या आकारात ‘हे भोक आहे, हा फिलेट आहे’ असं ते ओळखतं. ते बनवलं जिओमेट्रिक या गोदरेज समूहातल्या कंपनीने, जिचं मुख्यालय मुंबईत आणि मोठं काम पुण्यात होतं. पुढे ती कंपनी एचसीएलकडे गेली. मराठी मुलामुलींनी जगाच्या फाइल एकमेकांना समजाव्यात म्हणून वर्षानुवर्षं कोड लिहिलाय. आपण मात्र फाइलचा विषय निघाला की ‘ते नंतर बघू’ म्हणतो.

वायरी आखूड पडल्या

‘कॉलेजात ठीक आहे, मोठ्या कंपन्यांना असले प्रॉब्लेम येत नसतील,’ असं वाटत असेल तर एअरबस ए-३८० ची गोष्ट ऐका. जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या वायरी. जर्मनी आणि स्पेनमधले इंजिनीअर कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर काम करत होते, फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचव्या. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेले वायरींचे जुडगे तुलूजला विमानात बसवायला घेतले, तर ते आखूड पडू लागले. दोन आवृत्त्यांमध्ये वळणांची आणि बदलांची माहिती नीट पोचतच नव्हती.

२००६ च्या जूनमध्ये विमान आणखी लांबणार हे जाहीर झालं आणि एअरबसच्या मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात पाव हिश्श्याहून जास्त कोसळला. जुलैमध्ये दोन बड्या अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. या उशिराने २०१० पर्यंतच्या कमाईत ४.८ अब्ज युरोंचा खड्डा पडेल, असा कंपनीचाच हिशेब होता. व्यवस्थापनाच्या इतर चुकाही होत्याच, पण मुळाशी असलेल्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. आणि लक्षात घ्या, दोन्ही बाजूंचं सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं होतं! त्या दासो सिस्टिम्सचं संशोधनाचं मोठं केंद्र आज पुण्यात आहे.

हा एकट्या विमानाचा अपवाद नव्हता. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने अभ्यास करून घेतला. फाइल एकमेकांना नीट न जमल्यामुळे तिथल्या वाहन उद्योगाच्या साखळीचं वर्षाला किमान १ अब्ज डॉलरचं नुकसान होतंय, असं त्यात निघालं.

ज्याचं गाव लांब, त्याची फाइल चोख हवी

आता आपल्याकडे या. समजा नंदुरबारच्या तंत्रनिकेतनातल्या किंवा शहाद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका ग्रुपने मिरचीचे देठ काढणारं यंत्र डिझाइन केलं. विषय आपल्याच मातीतला आहे. हंगामात हाताने देठ खुडणाऱ्या बायकांची बोटं किती जळतात ते आपण बघतो. यंत्राच्या प्लेट लेझरने कापून घ्यायच्या आहेत. हवी तशी मशीन जवळ मिळाली नाही, तर फाइल सुरतला किंवा नाशिकला पाठवावी लागते.

चाकणच्या पोराची फाइल चुकली तर तो बाइकवर टांग मारून वर्कशॉपमध्ये जातो, तिथल्या कॉम्प्युटरवर बसून दुरुस्त करतो. तुमची फाइल चुकली तर ऑर्डर दिवसभर अडकते, नाहीतर चुकीची प्लेट कापून येते. पत्र्याचे पैसे गेले, ट्रान्सपोर्टचे गेले, सबमिशनची तारीख तोंडावर. समोर बसून समजावून सांगता येत नाही, म्हणून तुमच्या वतीने बोलायचं काम तुमची फाइलच करते.

आणि चुका कसल्या असतात? अगदी क्षुल्लक. डीएक्सएफमध्ये युनिट नीट गेलं नाही आणि समोरच्याने मिलीमीटरऐवजी इंच धरले, की १०० मिलीमीटरची प्लेट २५४० मिलीमीटरची होते. एकावर एक दोन रेषा पडल्या असतील तर मशीन तीच जागा दोनदा कापू शकतं. कोपरा जुळला नसेल, तर आतलं भोक सॉफ्टवेअरला भोक म्हणून ओळखताच येत नाही. डायमेन्शन आणि टायटल ब्लॉक तसेच ठेवले, तर ऑपरेटर ते पुसत बसतो आणि पुसताना एखादी कामाची रेषही जाते. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण प्रॅक्टिकलमध्ये आपण कमांड शिकतो, आणि कमांड वापरून काढलेलं ड्रॉइंग पुढे कोण वाचणार हा प्रश्न व्हायव्हात कोणी विचारत नाही.

चावी कोणाच्या खिशात?

यापुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. स्टुडंट लायसन्स मोफत मिळतं, छान आहे, वापरा. पण ते शिकण्यापुरतं असतं, कामधंद्यासाठी नाही, आणि त्याला मुदत असते. डिग्री हातात आली, लायसन्स संपलं, की तुमचेच चार वर्षांचे मॉडेल तुम्हाला उघडता येत नाहीत. फाइल तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये आणि चावी कंपनीच्या खिशात.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये हे जगभरच्या हौशी मंडळींच्या लक्षात आलं. फ्यूजन ३६० च्या मोफत पर्सनल लायसन्समधून काही फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करायची सोय काढून घेत असल्याचं ऑटोडेस्कने जाहीर केलं. त्या यादीत स्टेपही होता. लोकांनी एवढी ओरड केली, की काही दिवसांतच स्टेप परत द्यावा लागला. तो मिळाला ही चांगली गोष्ट. पण नियम एका ईमेलने बदलू शकतो, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळून चुकलं.

मराठी माणसाला हे नवीन नसावं. टायपिंगच्या दुकानात श्रीलिपीत किंवा डीव्हीबी-सुरेखमध्ये केलेली जुनी फाइल तुमच्या मोबाइलवर उघडून बघा. मराठीच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसेल. मजकूर आपला, भाषा आपली, पण अक्षरांचे आकडे त्या फॉन्टपुरते. युनिकोड रुळल्यावर हा त्रास संपत आला. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठीत टाइप करता आणि समोरच्याचा फोन कुठल्या कंपनीचा आहे हे विचारतही नाही. डिझाइनच्या फाइलसाठी तसलीच सवय लावून घ्यायची आहे.

‘मग क्रॅक व्हर्जन आहेच की!’ हे उत्तर मला माहीत आहे. त्याने फाइल आज उघडेल, पण त्या फाइलवर उद्या धंदा उभा करता येणार नाही आणि नोकरीच्या ठिकाणी तर तोंडही उघडता येणार नाही. त्यापेक्षा फ्रीकॅड डाउनलोड करा. मोफत आहे, कायदेशीर आहे, मुदत नाही, स्टेप, आयजीईएस, डीएक्सएफ वाचतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. सिव्हिलवाल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ‘ओस्डॅग’ बनवलंय. आयएस ८०० नुसार स्टीलचे जोड डिझाइन करा, थ्रीडी मॉडेल स्टेपमध्ये काढा आणि फ्रीकॅडमध्ये उघडा. पवईत बनलेलं हे सॉफ्टवेअर तळोद्याच्या मुलीला एक रुपया न देता मिळतं.

पण कंपन्या तर सॉलिडवर्क्सच मागतात!

मागतात, आणि म्हणून ते शिकाच. मी कोणाला कॅटिया सोडून द्या म्हणत नाही. नेटिव्ह फाइलमध्ये कृती असते, बदल पटकन करता येतात, त्यामुळे ग्रुपमध्ये काम चालू असताना सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर, एकच आवृत्ती ठेवणं केव्हाही शहाणपणाचं. प्रश्न आहे तो डिझाइन तुमच्या ग्रुपच्या बाहेर जाताना. सप्लायरकडे, लेझरवाल्याकडे, पुढच्या वर्षीच्या ज्युनिअर्सकडे, पाच वर्षांनंतरच्या तुमच्या स्वतःकडे. तिथे स्टेप आणि डीएक्सएफ लागतातच.

आणि नोकरीचंच म्हणाल, तर इंटरव्ह्यूला ‘मला अमुक सॉफ्टवेअर येतं’ म्हणणारे शंभर असतात. ‘तुमच्या कस्टमरची फाइल आमच्याकडे आली तर मी आधी युनिट आणि घनफळ तपासेन, मग उघड्या कडा बघेन,’ असं म्हणणारा एखादाच. तो लक्षात राहतो.

फाइल पाठवण्याआधी एवढं करा

१. आधी विचारा. समोरच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, त्याला काय हवंय? एक फोन कॉल पुरतो.

२. तीन फाइल द्या. तुमची मूळ फाइल, मधला फॉरमॅट (थ्रीडीसाठी स्टेप, टूडी कटिंगसाठी डीएक्सएफ) आणि मापं लिहिलेली पीडीएफ. पीडीएफ असली की आकार बिघडल्याचं समोरच्याला लगेच कळतं.

३. युनिट लिहा. फाइलच्या नावातच ‘एमएम’ टाका. मटेरिअल, जाडी, नग यांची वेगळी छोटी नोंद ठेवा.

४. कटिंगची डीएक्सएफ साफ करा. एकास एक स्केल, फक्त कापायच्या रेषा, बंद आकार, दुहेरी रेषा नाहीत, अक्षरं असतील तर ती रेषांमध्ये बदललेली.

५. स्वतः दुसरीकडे उघडून बघा. एक्स्पोर्ट केलेली फाइल फ्रीकॅडमध्ये उघडा. एकूण लांबी-रुंदी, एका भोकाचा व्यास आणि घनफळ मूळ मॉडेलशी ताडून पाहा. पाच मिनिटं लागतात.

कपाटातले प्रोजेक्ट

शेवटचं म्हणणं कॉलेजांकडे आहे, आणि ते तुमच्यामार्फत पोचायला हवं. कित्येक डिपार्टमेंटच्या कपाटात जुन्या बॅचच्या प्रोजेक्टचे बाइंडिंग केलेले रिपोर्ट आणि सीडी पडून असतात. रिपोर्टमध्ये स्क्रीनशॉट, सीडीत कुठल्या तरी जुन्या आवृत्तीची फाइल. मग ठिबकच्या फिल्टरवर, पाटाच्या छोट्या गेटवर किंवा भगर सडायच्या यंत्रावर काम करणारी नवी बॅच पुन्हा पहिल्या रेषेपासून सुरुवात करते. मागच्यांनी कुठवर आणलं, कुठे अडले, हे कळतच नाही. आपल्या जिल्ह्याच्या गरजांवर काम करणारे हात मुळात थोडे. त्यांनीही दर जूनमध्ये शून्यावरून सुरुवात करायची, हे आपल्याला परवडणारं नाही.

उपाय फुकटातला आहे. सबमिशनमध्ये स्टेप आणि पीडीएफ सक्तीचे करा. एक प्रॅक्टिकल अदलाबदलीचं ठेवा: एका ग्रुपची फाइल दुसऱ्या ग्रुपने वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, मोजायची आणि काय हरवलं ते लिहायचं. त्याला दहा मार्क द्या. मग लायब्ररीत एक फोल्डर करा, ज्यात प्रत्येक बॅचच्या फाइल अशा स्वरूपात असतील की दहा वर्षांनी आलेल्या पोरालाही त्या उघडता येतील.

सरांनी सांगेपर्यंत थांबायचीही गरज नाही. आज संध्याकाळी तुमच्या प्रोजेक्टमधला एक पार्ट स्टेपमध्ये काढा, दुसऱ्या ग्रुपमधल्या मैत्रिणीला पाठवा आणि एवढंच विचारा, ‘तुझ्याकडे भोकाचा व्यास किती दिसतोय?’ तुमच्या मॉडेलमधलाच आकडा तिने सांगितला, तर ती फाइल सुरतला पाठवायला हरकत नाही.